पेट्रोलच्या झाकणावरचा क्रूस

नाताळ उतरला की आमच्या गावातली हवा बदलते. मांडवाच्या ओल्या बांबूंचा वास येतो, पांढऱ्या शेवंतीचा येतो, आणि मोठ्या कढईत तळल्या जाणाऱ्या मैद्याच्या फुग्यांचा तर वाडीच्या टोकापर्यंत येतो. आमच्यात उपवासकाळात लग्न लावत नाहीत. राखेच्या बुधवारी हा काळ लागला की वाजप, म्हणजे वाजंत्री, बंद. म्हणून नाताळ आणि राखेचा बुधवार यांच्या मधल्या थोडक्या आठवड्यांत गावातली लग्नं दाटीवाटीने उरकून घेतात. एका घरचा बँड थांबतो न थांबतो तोच दुसऱ्या घरचा सुरू होतो. केळीच्या पानांवरचं दव वाळायच्या आत कुणीतरी आमंत्रण घेऊन दारात उभं असतं.

मला मात्र या दिवसांत आणखी एक वास येतो. तो आता आमच्या अंगणात कुठेच नाही, तरी येतो. पेट्रोल आणि मेण यांचा मिळून झालेला वास. पेट्रोल नाकात चढणारं, मेण जरा गोडसर. दोन्ही एकत्र आले की मला एका हंगामाची आठवण येते, आणि मग हातातलं काम हातात राहतं.

या लग्नसराईच्या मधोमध मेणबत्त्यांचा सण येतो. त्या दिवशी चर्चमध्ये फादर मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. घरी आणलेली मेणबत्ती वर्षभर जपून ठेवायची. वादळ झालं, कुणी आजारी पडलं की लावायची. आणि घरातलं कुणी जायच्या वाटेवर असलं की ती पेटवून त्याच्या हातात द्यायची, म्हणजे पुढे अंधारातून चालावं लागत नाही. एवढं सगळेच करतात. आमच्या आयची, म्हणजे माझ्या सासूची, त्यापुढे स्वतःची एक रीत होती. चर्चमधून आली की ती चप्पलसुद्धा न काढता पेटती मेणबत्ती घेऊन घरभर फिरायची. दाराच्या चौकटीवर, गोठ्याच्या खांबावर, बागेतल्या बावखलाच्या, म्हणजे आमच्या पाण्याच्या तळ्याच्या पंपावर ती मेणाचे थेंब टिपून छोटासा क्रूस काढायची. थेंब चुकून बोटावर पडला तरी हूं की चूं करायची नाही. सगळ्यात शेवटी गाडीपाशी यायची.

ती गाडी काळी होती, गोलसर पाठीची. सासऱ्यांनी कधीकाळी मुंबईतल्या एका पारशी गृहस्थाकडून आणलेली. पुढची बैठक एका लांब बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला. ती कधी बाजारात गेली नाही, कधी केळी वाहिली नाही. तिचं काम एकच, नवरीला चर्चला नेणं. गावात तिला नवरीची गाडीच म्हणत. मीही तिच्यातूनच या गावात आले. त्या दिवशी माझी मान इतकी खाली होती की मला आठवतं ते फक्त पायाखालचं काळं रबर आणि बैठकीच्या तापलेल्या कातडीचा वास. गाव कसं दिसलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सासरे गेल्यावर गाडी ह्यांच्याकडे आली. ह्यांचं नाव इनास. लिहिताना घेते, तोंडाने अजून घेत नाही. हे बागायतीतले, पण जीव गाडीत. शनिवारी तिला धुवायचे, रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की पुन्हा पुसायचे. पेट्रोलचा काटा माझ्या लग्नाआधीच मेला होता, म्हणून मागच्या चाकाच्या वरचं झाकण उघडून टाकीत बांबूची एक काठी घालायची आणि ती कुठवर ओली झाली ते पाहायचं, असं चालायचं. त्या काठीवर सुरीने खाचा केलेल्या होत्या. ती आमच्या दारामागे छत्र्यांबरोबर उभी असायची, गाडी निघाली की तीही गाडीत.

आणि पास्कू. पास्कू ह्यांचा मित्र, पाचूबंदरचा कोळी. मूळचा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, पुढे त्याने माणिकपूरला छोटं गॅरेज टाकलं. नवरीच्या गाडीला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. आमच्या वाडीतल्या काहींना ते खटकायचं. बागायतदाराच्या ओसरीवर कोळी पाय पसरून जेवतो हे त्यांना बघवत नसे. पास्कूला ते कळायचं, आणि म्हणूनच तो पाय आणखी पसरायचा. येताना फडक्यात गुंडाळून बोंबील आणायचा आणि लांबूनच ओरडायचा, "वयनी, कुत्रं आवरू नका, कुत्र्याला माझीच वाट बगायची सवय हाय." मी आत जाऊन हसायचे. बाहेर हसायचं धैर्य मला कधी झालं नाही.

गाडी कधी अडली तर हे चिडायचे. पास्कू चिडायचा नाही. म्हणायचा, "दर्यात इंजिन बंद पडलं तर शिव्या कोनाला देनार, इनास? खाली उतरून धक्का मारायची पन सोय नाय."

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी आयची पाठ पार वाकली होती. तोवर ती गाडीच्या पुढच्या काचेच्या वर क्रूस काढायची. त्या वर्षी हात तिथवर पोचेना. मी म्हटलं, "आय, मी काढते." तर म्हणाली, "नको गो बाय, ज्याचं त्यानं काडायचं." डाव्या हाताने गाडीचं अंग चाचपत ती मागे गेली. मागच्या चाकाच्या वर तिच्या हाताला पेट्रोलचं झाकण लागलं. गोल, मधे बशीसारखं खोलगट.

"ही हितूनच जेवते ना, बाय?"

"होय, आय."

"मग हितंच लावते. पोटात गेलं म्हंजे अंगभर जाईल."

थेंब खोलगट जागेत छान बसले. काचेच्या वरच्या उतारावर ते ओघळायचे, इथे जागच्या जागी राहिले. आयला फार बरं वाटलं. तिने झाकणावर हात फिरवून तोच हात कपाळाला लावला.

त्यानंतरच्याच लग्नाला ते पहिल्यांदा झालं. आमच्याच वाडीतली नवरी होती. रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर गाडी मंदावली. बंद नाही पडली, नुसती मंदावली. हे पाय दाबत होते आणि गाडी ऐकत नव्हती. दोन-तीन गचके दिले, जरा पुढे गेली, पुन्हा मंदावली, आणि चढ संपायच्या जरा आधी थांबलीच. मागून हॉर्न सुरू झाले. ह्यांनी उतरून झाकण उघडलं, काठी घातली. पेट्रोल तर वरपर्यंत होतं. झाकण उघडताना एक बारीक आवाज झाला, सूं करून, कुणी दमून सुस्कारा टाकावा तसा. मी नवरीशेजारी बसले होते. ती पदर सावरत म्हणाली, "गाडी पण कंटाळली वाटतं लग्नांना." आम्ही दोघी हसलो. ह्यांनी झाकण लावलं, चावी फिरवली, आणि गाडी अशी निघाली की जणू काही झालंच नव्हतं. दुपारी उन्हातून परत येताना तर ती एकदाही अडखळली नाही.

पास्कूने गाडी नेली, तपासली, गावभर फिरवली. काही नाही. "वयनी, ही नाटकी हाय," तो म्हणाला, "डॉक्टर दिसला की हिचा ताप उतरतो."

पण पुढच्या लग्नाला पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्याला. लग्न असलं की दम टाकायची, नसलं की घोड्यासारखी धावायची. मग जो तो आमच्या ओसरीवर येऊन सांगू लागला. कुणी म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ आहे, कुणी म्हणे गाडीला नजर लागली आहे, कुणी म्हणे एवढ्या नवऱ्या वाहिल्या, आता तिला सोडा. आयने ते सगळं ऐकलं. ज्या सकाळी लग्न असेल त्या सकाळी ती मेणबत्ती घेऊन गाडीपाशी जायची आणि जुन्या क्रूसावर नवा क्रूस काढायची. गाडी जितकी रुसली तितकं आयने तिला जास्त मेण लावलं. वर्षभर पुरवायची मेणबत्ती लग्नसराई सरायच्या आत बोटाएवढी झाली.

पास्कूने त्या दिवसांत आमच्या अंगणातच मुक्काम केल्यासारखं झालं. गोणपाट अंथरून गाडीखाली झोपलेला असायचा, बाहेर फक्त पाय. पंप उघडला, कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला, प्लग घासले, पेट्रोलची नळी तोंडाने फुंकून पाहिली. मी चहा ठेवायचे तिथे सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले असायचे, जेवणाच्या पानासारखे. आय काठी टेकत यायची. "काय रं पास्कू, काय म्हंते आमची गाडी?"

"आय, तुमचा क्रूस हाय म्हनून निदान घरी तरी येते."

आय खूश व्हायची. आणि मला आठवतं, टाकीत काठी घालायची असली की पास्कू झाकण अगदी कडेने धरायचा, फुलपात्र धरावं तसं. मेण मोडू नये म्हणून.

राखेच्या बुधवाराच्या जरा आधी पास्कूच्या मुलीचं, ट्रिझाचं लग्न होतं. नवरा अर्नाळ्याच्या बाजूचा, लग्न त्यांच्या चर्चमध्ये. सगळ्यांनी पास्कूला सांगितलं, भाड्याची नवी गाडी कर, थंडगार हवेची. त्याने कुणाचं ऐकलं नाही. त्या काळ्या गाडीत आजवर कोळीवाड्यातली नवरी कधी बसली नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही, कुणी कधी मागितलीच नव्हती. पास्कू ह्यांना म्हणाला, "माझी पोर नवरीच्या गाडीतूनच उतरनार." हे म्हणाले, "मग काय बैलगाडीतून?" दोघं हसले. त्या वेळचं त्यांचं हसणं मला अजून ऐकू येतं.

त्या सकाळी ह्यांनी टाकी स्वतः काठोकाठ भरून आणली. पास्कू पाहुण्यांच्या स्वागताला पुढे चर्चला गेला. मागे ट्रिझा, तिची आई रेजीन आणि मी. ट्रिझाचा पांढरा झगा एवढा फुगला होता की मी दाराला चिकटून बसले होते. रेजीन रस्ताभर बोलत होती. खिडकीतून ओळखीचं कुणी दिसलं की हात हलवायची, ओळखीचं नसलं तरी हलवायची.

वस्ती मागे पडली, मोकळा रस्ता लागला, आणि गाडीने पाय ओढायला सुरुवात केली. रेजीन बोलायची थांबली. एक गचका, दुसरा गचका, मग नुसत्या चाकांचा आवाज. गाडी कडेला लागली. ह्यांनी बॉनेट उघडलं, इथे हात लाव, तिथे हात लाव. या वेळी झाकण त्यांनी लगेच उघडलं नाही. पेट्रोल त्यांनीच भरलं होतं, काठी घालायची गरजच नव्हती. ऊन चढू लागलं. ट्रिझाच्या कपाळावरची पावडर ओघळली. तेवढ्यात बंदरावरचा मासळीचा टेम्पो आला. चालवणारा रेजीनच्या नात्यातला होता. दुसरं काही नव्हतं. ट्रिझाला पुढे त्याच्या शेजारी बसवली, झगा गोळा करून मांडीवर दिला, रेजीन कशीबशी कडेला बसली. टेम्पो निघाला तेव्हा मागून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

ते गेल्यावर रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. ह्यांनी कपाळाचा घाम पुसला, काही सुचेना म्हणून झाकण उघडलं, काठी घातली. तोच सुस्कारा. ह्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

आम्ही चर्चच्या फाटकाशी पोचलो तेव्हा टेम्पो नुकताच रिकामा झाला होता. नवऱ्याकडचे कुणीतरी नव्या कपड्यांतले तरुण बँडशेजारी उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "नवरी बर्फात घालून आणली काय रे? ताजी आहे ना?" हसण्याचा एक लोट आला. बायकांनी तोंडाला रुमाल लावले, हसू लपवायला की वास लपवायला ते त्यांनाच ठाऊक. पास्कू तिथेच होता. आणि नेमकी त्याच वेळी आमची गाडी फाटकातून आत आली, गुळगुळीत, एकही गचका नाही.

सगळ्यांच्या नजरा ह्यांच्याकडे वळल्या. हे गाडीतून उतरले. शरमेने चेहरा काळवंडला होता. मी त्यांना ओळखते, शरम वाटली की ते रागावतात. पास्कू जवळ आला तसे हे मोठ्याने म्हणाले, "बोटी दुरुस्त करणाऱ्याच्या हातात गाडी दिली, माझंच चुकलं."

बँडवाल्यांनीसुद्धा ऐकलं. पास्कूने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. लग्नासाठी घासून धुतले होते, तरी नखांत काळं होतं. मग सावकाश म्हणाला, "इनास, इंजिन कोनाच्या हाताचा वास बगत नाय. मानसं बगतात."

आणि मुलीला वेदीकडे न्यायला आत गेला.

त्या आठवड्यातल्या राखेच्या बुधवारी दोघांच्याही कपाळाला राख लागली असेल, पण वेगवेगळ्या चर्चमध्ये. तू माती आहेस, हे राख लावतानाचं फादरचं वाक्य दोघांनीही मान खाली घालून ऐकलं असेल. पुढे कुणी कुणाकडे आलं-गेलं नाही. आमचं कुत्रं कितीतरी दिवस फाटकाशी जाऊन बसायचं. मला वाटायचं, रेजीनकडे एकदा जावं, नुसतं बसून यावं. बायका बसून आल्या की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. पण माझा स्वभाव असा, कुणी हात धरून नेल्याशिवाय मी कुणाच्या दारात उभी राहत नाही. आणि हात धरून नेईल असं घरात कुणी नव्हतं.

पावसाळ्यात आयने अंथरूण धरलं. पाऊस उघडल्यावर ह्यांनी गाडी विकली. राजोडीच्या एका माणसाने घेतली. समुद्रावर शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याने झोपड्या बांधल्या होत्या, दारात ठेवायला त्याला जुनी गाडी हवी होती. तो न्यायला आला तेव्हा मी आयला भरवत होते. आवाज आला, बंद झाला, पुन्हा आला आणि लांब गेला. आयने विचारलं, "कोनाचं लगीन?" मी म्हटलं, "वाडीतलंच." नाताळच्या आधी आय गेली. तिच्या हातात बोटाएवढी उरलेली ती मेणबत्ती मी दिली. बोटं वळत नव्हती, मी माझ्या हाताने वळवून धरली. मेण माझ्या हातावर सांडलं. ते गरम होतं एवढंच तेव्हा कळलं.

मधे वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात पास्कू गेला. हे मातीला गेले, छत्री घेऊन सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परत आले. छत्री दारामागे ठेवताना त्यांचा हात तिथल्या जुन्या काठीला लागला. गाडी गेली तरी काठी कुणी फेकली नव्हती. ती काठी घेऊन ते बराच वेळ उभे होते.

यंदा माझ्या भाचीचं लग्न झालं. हल्ली लग्न झालं की समुद्रावर जाऊन फोटो काढतात. भाची म्हणाली, मावशी, माझा झगा सांभाळायला तू चल. राजोडीला गेलो. झावळ्यांच्या मांडवाखाली ती गाडी उभी होती. मी एकदम थांबलेच. बॉनेट काढून इंजिनाच्या जागी कुंड्या ठेवल्या होत्या, त्यांत लाल-पांढरी सदाफुली फुलली होती. मुंबईकडून आलेल्या मुली तिला टेकून फोटो घेत होत्या. भाचीला दारात बसवलं आणि फोटोवाल्याने मला सांगितलं, तुम्ही जरा मागे व्हा.

मी मागे झाले, गाडीच्या मागे. माझ्या हाताला झाकण लागलं. अजून तेच होतं. खोलगट जागेत मेण होतं, मळून काळपट पिवळं झालेलं. क्रूसाचे हात वितळून एकमेकांत गेले होते, नुसता एक गोल झाला होता, मोठ्या बटणासारखा. आणि त्या बटणाच्या बरोबर मध्ये एक भोक होतं. गोल, स्वच्छ, आरपार. आजूबाजूच्या मेणाला धक्काही नव्हता. ते दाभणाने पाडलेलं भोक होतं. केळीची गोणपाटं शिवायला हे जो दाभण वापरतात त्याचं भोक मी डोळे मिटून ओळखीन. मी बोट ठेवलं. मेणाच्या खाली लोखंडातही भोक होतं, बारीक, ते आधीपासूनचं.

घरी आले. हे ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसले, दोन-चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, "झाकणाच्या मेणाला भोक तुम्ही पाडलंत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "भोक होतंच," म्हणाले, "मी फक्त मोकळं केलं."

मग त्यांनी सांगितलं, शेंगा सोलता सोलताच. टाकीतून पेट्रोल पुढे जातं तशी त्या जागी बाहेरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला ते बारीक भोक असतं. भोक बुजलं की टाकी आतून घट्ट होते आणि पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल सोडत नाही. लग्नाला टाकी काठोकाठ, आत हवा आधीच थोडी, म्हणून लवकर अडायची. पास्कू फिरवायचा तेव्हा तळाशी थोडंसं पेट्रोल असायचं, तेव्हा अडायची नाही. दुपारी उन्हाने मेण मऊ व्हायचं, मग हवेला वाट मिळायची. आणि झाकण उघडलं की हवा आत जायची आणि गाडी बरी व्हायची. "राजोडीवाल्याने न्यायला आल्यावर टाकी भरून घेतली. कोपऱ्यावर जायच्या आधीच बंद. मी झाकण उघडलं. तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? आयला?" आता त्यांनी वर पाहिलं. "तिला कळलं असतं तर शेवटी मेणबत्ती हातात धरली असती का तिने?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

"आणि पास्कूला?"

"त्याच्या पोटात काही राहतं का? पाचूबंदरला सांगितलं की संध्याकाळी इथे कळलं असतं."

"आय गेल्यावर?"

वालाचा एक दाणा बोटांतून निसटून अंगणात गेला, ते त्याच्याकडे पाहत राहिले. "म्हटलं नाताळला जाईन. मग म्हटलं ईस्टरला जाईन. उशीर झाला की मग उशिराचीच लाज वाटते. रोज थोडा थोडा उशीर वाढत जातो."

मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. एका बाजूला मरणारी आई, एका बाजूला जिवंत मित्र; त्यांनी आईला सांभाळलं आणि मित्र कायमच जिवंत राहणार आहे असं धरून चालले. आपण सगळे तसंच धरून चालतो. जो रागावलेला असतो तो कुठे जाणार नाही असं आपल्याला वाटतं.

मेणबत्त्यांच्या सणाला मी चर्चमधून दोन मेणबत्त्या आणल्या. एक घरात ठेवली. दुसरी पिशवीत घालून ह्यांना म्हटलं, "चला. मला पाचूबंदरला न्या." मी असं कधी बोलत नाही. ते शर्ट बदलून आले.

रेजीन दारात सुकट निवडत बसली होती. आम्हाला पाहून हात थांबला नाही. "आलात? रस्ता सापडला म्हनायचा."

हे बसले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं. मेण, भोक, हवा, टाकी. शेवटी म्हणाले, "पास्कूचं काही चुकलं नव्हतं."

"हवा नव्हती जात? एवढंच?"

"एवढंच."

"आनि मेन आयच्या क्रूसाचं?"

"होय."

रेजीनने सुकटीची परात बाजूला केली. पदराने हात पुसले, उगीचच, पुन्हा पुन्हा. "तो जेवून उठला की वट्यावर बसून बोटं मिटत मोजायचा," ती म्हणाली. "रोज. करंगळीपासून. पंप बगितला. कार्बोरेटर बगितला. प्लग बगितले. नळी बगितली. अंगठा तेवडा राहायचा. मी म्हनायची, सोड ना आता, त्या गाडीत कुंड्या लावल्यात त्यांनी. तर म्हनायचा, नाय रेजीन, कायतरी राहिलंच माजं. इनास उगाच नाय बोलनार." तिने माझ्याकडे पाहिलं. "आनि म्हनायचा, सगळं उगडलं मी, आयचा क्रूस तेवडा नाय मोडला. नि हसायचा."

बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, त्याचे आकडे वाऱ्यावर येत होते. मी पिशवीतून मेणबत्ती काढून रेजीनच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, आत नेऊन पास्कूच्या फोटोपाशी ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बोटीच्या टाकीपासून लांब ठेवते हां, वयनी." मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि या वेळी मी आत जाऊन लपवलं नाही. जायला माझं आतलं घर तिथे नव्हतंही. रेजीनने चहा टाकला. आम्ही प्यायलो. ह्यांनी कप खाली ठेवताना बशीवर इतका हळू ठेवला की आवाज झाला नाही.

परतीच्या बसमध्ये आम्हाला खिडकीशी जागा मिळाली. रस्त्यात एका लग्नाचा मांडव लागला, बँड वाजत होता, हे तिकडे पाहत नव्हते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. मी पाहिलं, करंगळी हळूच मिटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मग त्याच्या पुढचं.

अंगठा तसाच उभा राहिला. आमचा थांबा येईपर्यंत त्यांनी तो मिटला नाही.